शिंगवालीची सर्व्हिस हिस्टरी

बोटीला शिंगं होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढच्या टोकावर दोन जाडजूड लोखंडी शिंगं पाण्याकडे वाकलेली. लढाईच्या दिवसांत त्या शिंगांवरून तारांची जाळी समुद्रात सोडायची आणि गरज पडली की ओढून वर घ्यायची, एवढ्यासाठीच ती बांधली होती. कागदोपत्री तिचं नाव ‘थॉर्नगेट’. पण जयगड-दाभोळच्या खलाश्यांना ते नाव कधी मानवलं नाही. ते तिला शिंगवाली म्हणत. कमरुद्दीन सारंग बेचाळीस साली तिच्यावर चढला तो सदुसष्ट साल उजाडलं तरी उतरला नव्हता. लग्न करायचं राहून गेलं, घर बांधायचं राहून गेलं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर तो नुसता मान हलवायचा. त्याला एकूणच फारसं काही वाटत नसे.

आता शिंगवालीचे दिवस भरले होते. दुबईच्या खाडीत, देरा बाजूच्या धक्क्याला, ती चार महिने बांधून पडली होती. बोये टाकायला आणि बुडालेल्या बार्जा उचलायला जिने तिला आठ वर्षं वापरलं, त्या कंपनीने तिला एका भंगारवाल्या पार्टीला विकून टाकलं. पार्टी चिकट निघाली. बोट कधी बांधली, कुठे कुठे चालली, काय मोडलं, काय बदललं, सगळं लिहून द्या म्हणाली. मॅनेजरसाहेबाने कपाट उघडलं, तर आतले निम्मे कागद दमट हवेने एकमेकांना चिकटून वड्या झालेले.

“सारंग, यू नो एव्हरीथिंग,” साहेब म्हणाला. “तुम बोलो, अन्वर टाइप करेगा. सर्व्हिस हिस्टरी. वन पेज, टू पेज. खलास.”

अन्वर म्हणजे ऑफिसातला टायपिस्ट, आणि कमरुद्दीनचा सख्खा भाचा. धाकटी बहीण जैनब, तिचा एकुलता एक मुलगा. मॅट्रिक झाला, रत्नागिरीत टायपिंगची परीक्षा दिली, आणि मामूने चिठ्ठी पाठवून त्याला इकडे ओढून घेतला. पोरगा हुशार, कामाला चोख, फक्त जरा बोलका. बापाला त्याने पाहिलेलं नव्हतं. त्याचा बाप जहूर त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत ‘रहमानी’ नावाच्या गलबतावर सुपारी आणि जळाऊ लाकूड घेऊन उत्तरेला गेला, तो परत आलाच नाही. अन्वर तेव्हा आईच्या पोटात होता.

गावात म्हणत, जपानी पाणबुडीने गलबत पकडलं आणि माणसं कैदेत नेली. म्हणायला कारणही होतं. शेहेचाळीस साली शेजारच्या गावचा एक जण खरोखरच जपान्यांच्या कैदेतून सुटून आला होता, हाडांचा सापळा होऊन, पण चालत आला होता. तेव्हापासून जैनबच्या हातातल्या बांगड्या कुणी उतरवायला सांगितल्या तर ती त्या माणसाचं नाव घ्यायची. प्रत्येक पत्रात भावाला विचारायची, बसऱ्याहून, एडनहून काही खबर? आणि कमरुद्दीन प्रत्येक वेळी लिहायचा, चौकशी चालू आहे, इन्शाल्ला कळेल.

जहूर कुठे आहे हे कमरुद्दीनला चोवीस वर्षं ठाऊक होतं. त्यानेच जहूरला स्वतःच्या हाताने मातीत ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी काम झकास चाललं. टेबलावर टाइपरायटर, वर पंखा, खिडकीतून खाडी दिसतेय आणि खाडीत अबरे, म्हणजे तिथले छोटे पडाव, माणसं भरभरून पलीकडे चाललेत. कमरुद्दीन स्टुलावर पाठ ताठ करून बसला, साहेबापुढे बसावं तसा.

“बोला मामू. बिल्ट कुठे?”

“स्कॉटलंड. एक्केचाळीस. बॉयलरवर पितळी पट्टी आहे, बघून ये.”

“बघितली. मग काम काय करायची नेमकं? ‘नेट लेइंग’ म्हणजे मासे पकडायचं नव्हे ना?”

“मासेच. लोखंडी.” कमरुद्दीन हसला नाही, पण थट्टा त्याचीच होती. “अरे, बंदराच्या तोंडावर जाळं टाकायचं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर पिंपं तरंगतायत, खाली तारेचं जाळं लोंबतंय, तळाला वजनं. पाणबुडी आत घुसली तर अडकली पाहिजे. मध्ये एक फाटक. आपली जहाजं आली की ते जाळं शिंगवालीने विंचवर ओढून बाजूला घ्यायचं, गेली की परत लावायचं.”

“म्हणजे वॉचमन.”

“वॉचमनच म्हण.”

“कुठलं बंदर लिहू?”

लढाईच्या वेळी गोऱ्या साहेबांनी कमरुद्दीनला दम दिला होता, बंदराचं नाव घ्यायचं नाही, घरी सांगायचं नाही, पत्रात लिहायचं नाही. लढाई संपून बावीस वर्षं झाली, राज्य गेलं, साहेब मेले असतील, पण ते नाव त्याच्या तोंडातून अजूनही निघत नसे.

“वेस्ट कोस्ट लिही.”

अन्वरने लिहिलं. पुढे बेचाळीस सालचं वादळ, त्यात डावीकडचं शिंग वाकलं ते. मग कमरुद्दीनने चव्वेचाळीस घेतलं, पंचेचाळीस घेतलं. लढाई संपल्यावर सगळं जाळं उचललं त्याला अकरा दिवस लागले, त्यात शेवाळ आणि कालवं इतकी की तारेचं लोखंड दिसेना. मग बोट विकली गेली, एडनला बोये टाकायला, मग बसऱ्याला, मग एकोणसाठला इकडे. एका दमात त्याने वीस वर्षं सांगून टाकली. अन्वर टाइप करता करता थांबला.

“मामू, फॉर्टी-थ्री राहिलं.”

“त्रेचाळीसात काही नाही. रोजचंच.”

अन्वरने खांदे उडवले आणि एक ओळ मोकळी सोडली.

दुपारी बाजाराची दारं लागली तेव्हा त्याने जेवणाच्या डब्याबरोबर एक पाकीट काढलं. गावाहून निकाहच्या कार्डाचा नमुना आला होता. रमजान ईद झाली की अन्वरचं लग्न होतं, मुलगी बिलकीस, दाभोळची. कार्डाच्या छापील मजकुरात वराच्या बापाच्या नावापुढे पेन्सिलीने गोल केलेला.

“इथे लोचा झालाय,” अन्वर पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. “बिलकीसच्या अब्बांचं म्हणणं, जहूरच्या आधी ‘मरहूम’ छापा. हयात नसलेल्या माणसाला हयात दाखवून कार्ड काढलं तर जमात हसेल. अम्मी म्हणते, मरहूम छापलंत तर मी लग्नाला उभी राहणार नाही. जिवंत माणसाला मेलेला लिहायचा गुनाह मी घेणार नाही. दोन महिने हेच चाललंय. ते म्हणतात, असं असेल तर लग्न पुढच्या वर्षी बघू.”

“तुझं काय म्हणणं?”

“माझं काय असणार? मी प्रत्येक फॉर्मवर फादर्स नेम लिहितो आणि पुढे अलाइव्ह ऑर डिसीज्ड असतं तिथे डॅश मारतो. शाळेपासून डॅशच मारतोय.” तो हसला, पण ते हसू पोळीबरोबर गिळून टाकलं. “तुम्ही अम्मीला लिहा ना मामू. तुमचं ती ऐकेल. तुम्ही म्हणालात की गेला, तर गेला.”

कमरुद्दीनने डबा बंद केला. लिहितो, म्हणाला. काही तरी वाटायला हवं होतं हे त्याला कळत होतं. छातीत हात घालून चाचपल्यासारखं त्याने शोधलंही, पण तिथे काही नव्हतं. चोवीस वर्षं जी जागा बधिर ठेवली तिला आता टोचून काय होणार?

तिसऱ्या दिवशी अन्वरने कपाटातल्या त्या वड्यांमधून एक वही सोडवली. रिपेअर बुक. पानं सुरीने एकेक करून सुटी केली होती, भलता चिवट पोरगा.

“मामू, हे बघा. त्रेचाळीसात काही नाही म्हणालात. अठरा फेब्रुवारी. ‘कंट्री क्राफ्ट फाउल्ड बूम ॲट गेट. टू पॅनल्स रिन्यूड. गेट क्लोज्ड सिक्स्टीन अवर्स.’ म्हणजे गलबत येऊन जाळ्यात अडकलं ना? जाळ्याचे दोन तुकडे बदलले. हे डॅमेजमध्ये घ्यावं लागेल. शिंगांना काही झालं होतं?”

“शिंगांना काही झालं नाही.”

“कुठलं गलबत होतं?”

कमरुद्दीन उठला आणि खिडकीपाशी गेला. खाडीत शिंगवाली तशीच उभी होती, रंगाचे पापुद्रे सुटलेली, शिंगांवर समुद्रपक्षी बसलेले.

काय झालं होतं ते सांगायचं तर आधी जयगडची एक रीत सांगायला हवी. आपल्या गावचा माणूस ज्या जहाजावर कामाला असेल त्या जहाजाजवळून जाताना गलबताने शीड अर्धं खाली घ्यायचं आणि परत वर चढवायचं. हा सलाम. त्याला काही अर्थ नाही म्हणा, आणि आहेही. समुद्रात कुणी कुणाला ओळखत नसतं, तिथे हाक मारल्यासारखं होतं. कमरुद्दीनचा बापही करायचा, आजाही करायचा.

बेचाळीसच्या बकरी ईदेला कमरुद्दीन रजेवर घरी गेला होता. एकवीस वर्षांचा, नव्या बुटांतला, आगबोटीवरचा. जहूर त्याचा मेहुणा व्हायच्या आधीपासूनचा दोस्त. दोघं ‘रहमानी’च्या सुकाणूपाशी बसले असताना कमरुद्दीनने सगळं सांगितलं, कुठलं बंदर, कुठे जाळं, कधी फाटक उघडतं. सांगायचं नव्हतं ते सगळं सांगितलं. वर म्हणाला, “आमच्या बाजूने जाल तेव्हा सलाम द्या रे. गोऱ्यांना कळू दे, आमचंही गाव आहे.” गलबताचा नाखवा अलीमियाँ, म्हातारा, दाढी कुरवाळत म्हणाला, देऊ की बाबा, का नाही देणार.

अठरा फेब्रुवारीला सूर्य बुडायला आला होता. फाटक बंद करायची शिटी झाली होती, पण बाहेर एक गलबत येताना दिसलं म्हणून बोटीवरच्या गोऱ्या साहेबाने हात वर करून थांबवलं. येऊ दे त्याला, पाच मिनिटं. विंचच्या ब्रेकवर कमरुद्दीन होता. त्याने शीड ओळखलं, त्यावरचं निळं ठिगळ ओळखलं, कमरुद्दीनच्याच आईने लावलेलं. वारा चांगला होता, भरती आत ओढत होती, ‘रहमानी’ फाटकातून सरळ आत आली असती. पण शिंगवाली समोर आली आणि अलीमियाँने शीड खाली घेतलं.

अर्धं खाली आलं, ते वर जाईना. दोर कुठे तरी अडकला. शीड नाही म्हणजे गलबताला जोर नाही, आणि जोर नाही म्हणजे सुकाणू नुसतं लाकूड. भरतीने ‘रहमानी’ आडवी करून जाळ्यावर नेऊन घातली. पिंपांच्या तारा तिच्या पोटाखाली गेल्या, ती एका कुशीवर झाली, सगळं जळाऊ लाकूड एका बाजूला आलं आणि ती भरली. पुढच्या टोकाला जहूर उभा होता. शेवटपर्यंत एक हात वर, फेटा हलवत. सलाम देत होता की मदत मागत होता, हे कमरुद्दीनला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही.

बत्ती लावायची नव्हती, लढाईचा हुकूम. अंधारात होडी घालून शोधलं, कुणी सापडलं नाही. ब्रेक सोडू नकोस असं साहेबाने सांगितलं होतं, म्हणून कमरुद्दीन ब्रेक धरून उभा राहिला. सकाळी जाळ्याचे दोन तुकडे वर ओढले, त्यात दोन माणसं आली. अलीमियाँ आणि जहूर. बाकी चौघं समुद्रात गेले. जहूरच्या पायातली तार कमरुद्दीनने कापली.

“यांना ओळखतोस का?” साहेबाने सगळ्यांना एकेक करून विचारलं. गलबतवाल्यांना फाटकाची वेळ कुणी सांगितली, याची चौकशी होणार होती. सांगणाऱ्याला सरळ तुरुंग, कदाचित त्याहून वाईट.

“नो साहेब,” कमरुद्दीन म्हणाला.

बंदराच्या मागच्या कब्रस्तानात दोन बेवारशी कबरी झाल्या. बोटीवरच्या चौघा मुसलमानांनी नमाज पढली, कमरुद्दीन कबरीत उतरला, जहूरला खाली घेतलं आणि वर आल्यावर हात धुतले. मे महिन्यात जैनबचा सातवा लागला. कुणाला शंका यायला नको म्हणून कमरुद्दीनने गावाकडे जाणाऱ्या एका खलाश्याबरोबर तिच्या ओटभरणीला हिरव्या बांगड्या पाठवल्या. भावाने पाठवायच्याच असतात, त्याने पाठवल्या.

“मामू? कुठलं गलबत होतं? लिहिलंय का कुठे?”

कमरुद्दीन परत येऊन स्टुलावर बसला. न सांगणं इतकी वर्षं त्याला सोपं गेलं होतं, कारण विचारणारं कुणी समोर नसायचं. पत्राला चार ओळी उत्तर लिहिलं की झालं. आता विचारणारा समोर बसला होता, बोटं टाइपरायटरवर ठेवून, आणि त्याचे कान अगदी जहूरसारखे बाहेर आलेले होते.

“टाइप कर,” कमरुद्दीन म्हणाला. “गलबत ‘रहमानी’. जयगडचं.”

अन्वरची बोटं हलली नाहीत.

“टाइप कर अन्वर. मला एकदाच सांगता येईल. सहा माणसं. नाखवा अलीमियाँ.”

टाइपरायटर खडखडला. कमरुद्दीनने समुद्रात गेलेल्या चौघांची नावं सांगितली, एकेक, बापाच्या नावासकट. अन्वर स्पेलिंग विचारत होता. ‘झेड की जे? डबल ओ की यू?’ असं विचारता विचारता त्याचा आवाज हळूहळू सरकारी कचेरीतल्या माणसासारखा झाला.

“सहावा,” कमरुद्दीन म्हणाला, आणि नाव सांगितलं.

हे स्पेलिंग अन्वरला विचारावं लागलं नाही. ते त्याने आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर लिहिलं होतं. त्याने एकेक अक्षर दाबलं, ओळ संपली, घंटी वाजली, त्याने कागद पुढे सरकवला. मग कमरुद्दीनने सलामाचं सांगितलं, बकरी ईदेचं सांगितलं, साहेबाला दिलेलं उत्तर सांगितलं. कबर कुठे आहे तेही सांगितलं. मागच्या भिंतीला लागून, चिंचेच्या झाडापासून तिसरी. आणि जाळं होतं त्या बंदराचं नाव सांगितलं. चोवीस वर्षांनी ते नाव तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर काहीच झालं नाही, पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला.

अन्वरने शेवटपर्यंत टाइप केलं. पान काढलं, कार्बन काढला, खालची प्रत वेगळी ठेवली.

“माझी पहिली चड्डी तुम्ही पाठवली होतीत,” तो म्हणाला. “अम्मी सांगते. मला शाळेत तुम्ही घातलंत. इथे तुम्ही आणलंत.”

“हो.”

“हे सगळं त्याच्यासाठी?”

“माहीत नाही,” कमरुद्दीन म्हणाला. ते खरं होतं.

“बाकी काही सांगायचंय?”

“नाही. एवढंच.”

“मग खलास,” अन्वर म्हणाला आणि टाइपरायटरवर कव्हर घातलं.

मॅनेजरसाहेबाने पान वाचलं, भुवया वर गेल्या, आणि लाल पेन्सिल काढून मधला सगळा भाग आडवा छेदला. वाईट झालं सारंग, व्हेरी सॅड, पण पार्टीला हे नको असतं. डॅमेज काय, रिपेअर काय, एवढंच. हिस्टरी नव्याने टाइप झाली. त्रेचाळीस सालापुढे एक ओळ राहिली : एक देशी गलबत जाळ्यात अडकलं, जाळ्याचे दोन तुकडे बदलले, बोटीला इजा नाही. कमरुद्दीनने त्याखाली सही केली. सही करताना हात कापला नाही, हे त्याचं त्यालाच जरा विचित्र वाटलं.

खालची प्रत अन्वरने पाकिटात घातली, बरोबर मराठीत चार पानं लिहिली आणि जैनबला पोस्ट केली. मामूला विचारलं नाही. मामूने अडवलंही नाही.

पुढच्या आठवड्यात टग आला आणि शिंगवालीला ओढून घेऊन गेला. धक्क्यावर कंपनीची माणसं उभी होती, कुणी फोटो काढला. कमरुद्दीनही होता. खाडीच्या तोंडाशी एक लाकडी ढाऊ तिला आडवा गेला, तेव्हा त्याची नजर आपोआप ढाऊच्या शिडाकडे गेली. ते खाली आलं नाही, ढाऊ सरळ निघून गेला आणि कमरुद्दीनला हायसं वाटलं. त्या महिन्यात त्याला जे काही वाटलं ते एवढंच.

ऑफिसात त्याला गोदामावर घातलं. अन्वर दिसला की सलाम करायचा, “जेवलात का मामू” विचारायचा, पण डबा घेऊन येईनासा झाला. कमरुद्दीनने एकट्याने जेवायला सुरुवात केली. जेवण उतरत होतं, झोप लागत होती. लोकांना वाटलं, बोट गेली म्हणून म्हातारा गप्प आहे.

गावाहून पत्र यायला पाच आठवडे लागले. रमजान लागून चार दिवस झाले होते. दुपारची नमाज झाल्यावर अन्वर गोदामात आला, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला आणि पत्र उघडलं. अक्षर शेजारच्या हाफिजाचं होतं. जैनबला लिहिता येत नसे, ती सांगायची आणि हाफिजा लिहायची.

“मोठ्याने वाचतो,” अन्वर म्हणाला. “तुमच्यासाठी आहे.”

“भाईला सलाम. तुमचा कागद मिळाला. हाफिजाने दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा नको म्हटलं. बांगड्या उतरवल्या. मशिदीत त्यांच्या नावाने, जनाजा समोर नसताना पढतात ती गायबाना नमाज झाली, सगळी जमात आली होती. अलीमियाँच्या घरचेही आले. कार्डावर मरहूम छापा, माझी हरकत नाही.

“मग मी काझींना विचारलं, माझी बेवेची इद्दत कधीपासून? म्हटलं, चार महिने दहा दिवस दुखवटा पाळून घरात बसते, मग लग्न करू, पोराला थोडं थांबू द्या. काझी म्हणाले, जैनबबी, इद्दत खबर मिळाल्यापासून नसते, मौत झाल्यापासून असते. आणि नवरा गेला तेव्हा बाई पोटुशी असेल तर ती बाळंत होईपर्यंत. म्हणजे अन्वर जन्मला त्या सकाळी तुमची इद्दत संपली. आता तुम्हाला बसायचं काही नाही.”

अन्वर थांबला. त्याने ओठ ओले करायला जीभ फिरवली आणि रोजा आठवून तोंड मिटलं. मग पुढे वाचलं.

“भाई, म्हणजे फेब्रुवारी ते जुलै मी इद्दतीत होते आणि मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत मी मेंदी लावली. गजरा माळला. सातव्याला बायकांनी गाणी म्हटली, मीही म्हटली. तुम्ही पाठवलेल्या हिरव्या बांगड्या भरल्या. कासाराने भरताना एक फुटली, तर मी हसले. बेवा बाईने इद्दतीत हे करायचं नसतं. काझींना हे विचारायची मला लाज वाटली. तुम्हाला विचारते. तो गुनाह माझ्या नावावर लिहिला गेला असेल की तुमच्या? तेवढं कळवा. बाकी मला तुमच्याकडून काही नको.”

पत्र संपलं होतं. अन्वरने ते घडी घालून गुडघ्यावर ठेवलं. बाहेर कुणी तरी “यल्ला, यल्ला” करत हातगाडी ढकलत चाललं होतं.

कमरुद्दीनच्या छातीतल्या त्या जागी, जिथे इतकी वर्षं काही नव्हतं, तिथे आता दुखत होतं, पाय झोपेतून जागा होताना दुखतो तसं, आणि ते कुणाला सांगायची त्याची टाप नव्हती. त्याला ती फुटलेली बांगडी दिसत होती, आणि हसणारी अठरा वर्षांची जैनब.

“कागद आहे?” त्याने विचारलं.

अन्वरने खिशातून वही काढली, पेनाचं टोपण काढलं.

“लिही. जैनब, माझ्या नावावर.”

अन्वरने लिहिलं आणि थांबला. “पुढे?”

“पुढे काही नाही,” कमरुद्दीन म्हणाला. “आण इकडे, सही करतो.”

त्याने पेन घेतलं. या वेळी हात इतका कापत होता की अन्वरला खालून वही धरावी लागली.